चंपा, वय अठ्ठावन्न, मुलुंड

६ जानेवारी २०२५, सोमवार

चंपा आज जन्माला आली. वय अठ्ठावन्न, राहणार मुलुंड, गृहिणी. तीन ॲपवर तिची तीन खाती उघडली. दुपारच्या चहापर्यंत सगळं उरकलं.

आमच्या ऑफिसात — अंधेरी, तिसरा मजला, लिफ्ट बंद — अशा खोट्या माणसांना बाहुल्या म्हणतात. माझ्या वाट्याला तीन आल्यात. चंपा, मग घाटकोपरचा सर्वेश, तो जिम आणि शेअर बाजारवाला, आणि बोरिवलीचा कुंडलिक, त्याला क्रिकेट आणि राजकारण. रोज एकेकाच्या नावानं ॲप उघडायचं. तो माणूस जिथे थांबेल तिथे थांबायचं, त्याला आवडेल त्याला लाइक द्यायचं. मग कुठलं ॲप त्याला हळूहळू काय दाखवायला लागतं ते टिपायचं. माणूस एकच, पण तीन ठिकाणी त्याला कोण कुठे ओढून नेतं, एवढाच प्रश्न. त्यावर पुढे पेपर होईल, त्यात माझं नाव चौथं असेल.

प्रयोग चालवणाऱ्या टिना मॅडमनी नियम परत वाचून दाखवले. चेहऱ्याचा फोटो नाही. नेटवरून उचललेला फोटो नाही, पकडला जातो. लाइक चालेल, कमेंट नाही. आणि कुणाचा मेसेज आला तर त्याची नोंद करायची, उत्तर द्यायचं नाही. "खरी माणसं आपल्या प्रयोगात नाहीत. चुकून आलीच, तर आपण भिंत."

भिंत मला जमेल.

चंपाला फोटो हवा होता. मोबाईलमध्ये आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतली अबोली सापडली, रंगाच्या जुन्या डब्यात लावलेली. खिडकीचं ग्रिल कापून टाकलं. डब्याची कडी जराशी कोपऱ्यात राहिली. राहू दे, कोण बघतंय.

७ जानेवारी, मंगळवार

चंपाला काय आवडतं ते आज ठरवायचं होतं. सौरभनं त्याच्या बाहुलीसाठी पानभर लिहून आणलंय — तिचं माहेर, तिचा मधुमेह, तिची जाऊबाईंशी कटकट. सौरभ माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, आम्ही एकमेकांचं काम तपासतो. "तुझी काय स्टोरी?" म्हणाला. मला काहीच सुचेना.

मग आईचं घातलं. मालवणी जेवणाचे व्हिडिओ, सकाळचे अभंग, क्रोशाचे रुमाल, गुडघ्याचे व्यायाम. आणि अंगठा. आई कशालाही अंगठा द्यायची. लग्नाला अंगठा, बारशाला अंगठा, कुणी गेल्याची बातमी आली तरी अंगठा. बाबा वैतागायचे. — अगो प्रेमा, थंय हात जोडूक व्हये! — ती म्हणायची, अंगठा म्हणजे मी वाचलं, एवढंच.

चंपासुद्धा कशालाही अंगठा देते. काम सोपं झालं.

आई श्रावणात गेली. हे लिहिताना काही वाटलं नाही. तसं लिहून ठेवते.

९ जानेवारी

जेवताना बाबांनी विचारलं, तुमच्यात नक्की करतात काय.

— खोटी माणसं बनवतो. मग त्यांच्या नावानं मोबाईल बघतो.

— आणि लोकांना कळत नाही?

— नाही.

— बरं, म्हणाले, आणि ताट उचलून मोरीत ठेवलं. एवढं बोलणं म्हणजे आमच्याकडे आता बरंच झालं.

१२ जानेवारी, रविवार

कुकरचा दांडा निघाला. बाबांनी तार गुंडाळून बसवला. टेलिफोन खात्यात लाइनमन होते, निवृत्त होताना तिथली रंगीत तार भेंडोळंभर घरी घेऊन आले. निम्मं घर त्या तारेवर उभं आहे. आई म्हणायची, मी सुटले तर मलाही बांधून ठेवतील.

दुपारी झोपले. संध्याकाळी उठले. मध्ये काही नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आमच्याकडे वर्षाच्या आत सण नाही. समोरच्या रतनमावशींनी तिळगुळाची वाटी आणली आणि "गोड बोला" न म्हणताच ओट्यावर ठेवून गेल्या. त्यांचा तरी काय दोष, काय बोलावं ते कुणालाच कळत नाही.

चंपाला मात्र सकाळपासून हळदीकुंकवाचे व्हिडिओ. वाण काय द्यावं, काळ्या साडीवर काय घालावं, हलव्याचे दागिने घरी कसे करावेत. सगळ्याला अंगठा दिला.

१६ जानेवारी

चंपाला कोकणी स्वयंपाकाच्या एका मोठ्या गटात घातलं. चंपासारखी बाई असल्या गटात असणारच. सगळ्या पोस्टना अंगठा देत खाली आले. त्यात एक फोटो, बांगड्याचं तिखलं, रस्सा एकीकडे आणि मासे एकीकडे, वर लिहिलेलं — "आज पुन्हा बिघडलं." अंगठा दिला. मग नाव बघितलं.

चंद्रप्रकाश. भांडुप. बाबा.

आई होती त्या गटात. बाबा त्यात कधी शिरले? ताटाचा तो फोटो आमच्याच ओट्यावरचा. परवा मी तेच तिखलं जेवले होते. बिघडलंय हे मला कळलंसुद्धा नव्हतं.

ओळखीचं माणूस मध्ये आलं तर मॅडमना सांगायचं, असा नियम आहे. उद्या सांगेन.

१७ जानेवारी, शुक्रवार

चंपाला मेसेज आला.

"नमस्कार. काल गटात एका निधनाच्या बातमीला आपण अंगठा दिलात. तिथे हात जोडायचे असतात. राग नसावा."

बाबांचा. अख्ख्या गटात बाबांना हीच एक बाई खटकली.

नोंद केली: आलेला संदेश. पुरुष, वय साधारण पासष्ट. विषय — सूचना. नाव काळं केलं, नियमाप्रमाणे. सौरभ हसला. "काय रे देवा, इथे पण मास्तर!"

मॅडमना सांगितलं नाही. सांगितलं तर चंपा बंद होईल. बंद झाली तर माझं काय बिघडणार होतं? माहीत नाही. पण नाही सांगितलं.

२१ जानेवारी, मंगळवार

दुसरा टप्पा सुरू. मॅडमनी फळ्यावर लिहिलं: सर्वेशला राग आणा, कुंडलिकला भीती घाला, चंपाला दुःखी करा. म्हणजे त्या त्या मजकुरावर जास्त वेळ थांबायचं आणि बघायचं की कुठलं ॲप आणखी किती ओततं.

चंपाला दुःखी करायला वेळ लागला नाही. पहिल्या ॲपवर एका बाईच्या आईच्या फोटोला हार घातलेला, तिथे थांबले. जेवायच्या सुट्टीपर्यंत मावळत्या सूर्यावर आईच्या सुविचारांची रांग लागली. दुसऱ्यानं गेलेल्या माणसाशी बोलणं करून देणारे बाबालोक आणले. तिसऱ्याला अजून कळलेलंच नाही, तिथे गुडघ्याचे व्यायामच चालू आहेत. ते ॲप मला सगळ्यात आवडलं.

एका व्हिडिओत मुलगी आईच्या साड्यांच्या घड्या घालत होती. सौरभ म्हणाला, यार, मला नाही बघवत. मी बघितला. पुन्हा बघितला, कारण चंपा पुन्हा बघेल. काही झालं नाही. दात काढताना सुई देतात ना, मग डॉक्टर गालावर टकटक करतात आणि आवाज तेवढा येतो — तसं.

२२ जानेवारी

घरी येताना बस जेव्हीएलआर रस्त्यावर अडकली. पवईपर्यंत उभी. आत काही नाही, बाहेरही काही नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

"चंपाबाई, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळां किती घालतत? माझी बायल घाली. मी कधी बघूक नाय."

मालवणीत! बाबा मालवणी फक्त आईशी बोलायचे. माझ्याशी कधीच नाही — मी शाळेत जायला लागले आणि दोघांनी ठरवलं की पोरीशी शुद्ध बोलायचं. आई गेली आणि घरातली मालवणी बंद झाली. ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं, आज मेसेज वाचताना आलं.

उत्तर नाही. मी भिंत.

पाच-सहा घालायची असतात. ठेचून, आतली काळी बी काढून. आई निवडताना मला शेजारी बसवायची. तिरफळांची बरणी वरच्या फळीवर, पापडाच्या डब्यामागे आहे. बाबांना ती कधीच सापडणार नाही.

घरी आल्यावर बरणी काढली. सहा तिरफळं निवडून बशीत ठेवली, बशी ओट्यावर. हात धुवून टीव्हीसमोर बसले.

२४ जानेवारी

तिखलं बरं झालं होतं. "बरं झालंय," म्हटलं. बाबा "हं" म्हणाले आणि मला आणखी एक बांगडा वाढला. बशीचा विषय कुणी काढला नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

आज ऑफिसात भांडले. आधी मेसेज लिहिते, पाठ झालाय.

"चंपाबाई, घरात एक चेडू आसा. नोकरी करता. आवस गेल्यापासून एकदाय रडूक नाय. जेवता, जाता, येता, चार्जर शोधता. माका तेका काय इचारूक भय वाटता. तुमी बाईमाणूस, म्हणान सांगतंय."

चेडू म्हणजे पोरगी, म्हणजे मी. प्रत्येक मेसेजला दोघांनी वेगवेगळी खूण करायची, एकमेकांचं न बघता. मग ताडून बघायचं. जुळलं तर पद्धत बरोबर. माझी खूण: चौकशी. सौरभची: जवळीक साधण्याचा प्रयत्न, फसवणुकीचा संशय.

— अगं, सिंपल आहे. म्हातारा लाइन मारतोय. आधी चुका काढल्या, मग रेसिपी, आता घरचं दुःख. पुढच्या आठवड्यात नंबर मागेल बघ.

— तो लाइन मारत नाहीये.

— तुला काय माहीत?

— मला माहीत आहे.

— कसं?

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. पलीकडच्या खोलीतले लोक दारात येऊन उभे राहिले. सौरभनं कँटीनमधून कटिंग चहा आणून माझ्यासमोर ठेवला. "सॉरी यार," म्हणाला. त्याला बिचाऱ्याला कळेना की सॉरी कशाबद्दल.

मला राग आला होता. खरा, सर्वेशचा नव्हे, माझा. कितीतरी दिवसांनी आला.

आणि घरी आले तर काय — बाबांनी दार उघडलं, मी चप्पल काढली, म्हटलं, चार्जर कुठाय?

३० जानेवारी

रोज ठरवते, आज बोलायचं. रोज ताट धुऊन झोपते. बाबांना माझी भीती वाटते. माझी! जी भिंत आहे तिची.

३१ जानेवारी, शुक्रवार

पुढच्या शुक्रवारी प्रयोग संपतो. सगळ्या बाहुल्या पुसायच्या, त्यांचे मेसेजही. म्हणजे बाबांची चंपाबाई जाणार. आई गेली, आता हीसुद्धा. आणि दोन्ही वेळा मी घरात असून नसल्यासारखी.

उत्तर द्यावं का? एक ओळ — "तिला विचारा, ती चिडणार नाही." पण ते उत्तर चंपा देईल. मी नाही. खोट्या बाईच्या तोंडून बापाला धीर द्यायचा, इतकी मी गेलेली नाही. की गेलेय?

१ फेब्रुवारी

काही नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

टिना मॅडमना सांगितलं. जिन्यात, कारण खोलीत सौरभ होता.

सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तू उत्तर दिलंस का?"

— नाही.

— मग तसा नियम मोडलेला नाही. पण मला एक सांग, चंपा कुणावरून केलीस?

— आईवरून.

त्या पायरीवर बसल्या. पार्ल्याच्या आहेत, एरवी साडीची घडी मोडू देत नाहीत. "अगं, बाहुली म्हणजे कुणाचीच नसलेली. आईची आवडनिवड, आईचा अंगठा, घरचा फोटो — आणि मग घरचं माणूस तिथे येऊन उभं राहिलं तर नवल काय? चंपाचं सगळं बाद करावं लागेल."

— हो.

— महिन्याचं काम गेलं तुझं.

— हो.

— आणि तू कशी आहेस?

— बरी.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ही नोंद मी मानत नाही," म्हणाल्या, आणि उठून वर गेल्या.

५ फेब्रुवारी

"चंपाबाई, उत्तर देव नकात. वाचतास, ता माका दिसता. तेवढा पुरे."

मी वाचते ते त्यांना दिसतं. मेसेजखाली खूण येते ना. एवढ्यावर त्यांचं भागतं. माझ्यासमोर रोज बसून जेवतात, तिथे त्यांना कुठलीच खूण दिसत नाही.

बाबा, मी वाचते. इथे लिहून काय उपयोग!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळ्यांनी आपापल्या बाहुल्या पुसल्या. सौरभनं त्याच्या मधुमेहवालीला "चल टाटा, गोड खाऊ नको" केलं, सगळे हसले. सर्वेश गेला, कुंडलिक गेला. चंपा शेवटी ठेवली. ॲपनं विचारलं, खात्री आहे का. तिन्ही वेळा हो म्हटलं. अबोलीचा फोटो गेला आणि त्या जागी राखाडी गोल आला.

घरी आले तेव्हा बाबा खुर्चीत मोबाईल घेऊन बसले होते. चष्मा कपाळावर, मोबाईल नाकाजवळ. अंगठ्यानं वर-खाली करत होते. मी मागून बघितलं. तोच राखाडी गोल. थोड्या वेळानं त्यांनी मोबाईल टेबलावर उपडा ठेवला आणि भाकरीचं पीठ मळायला गेले.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. तरीही जेवायला बसले. जेवले. ताट धुऊन झोपले.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी बाबा अबोलीला पाणी घालत होते. मी चहा गाळत होते. पाठ माझ्याकडे ठेवूनच म्हणाले, "फोटोत कडी कापूक इसारलंस."

मला आधी कळलंच नाही. मग खिडकीकडे बघितलं. डब्याच्या कडीला टेलिफोनची पिवळी-निळी तार. त्यांनीच गुंडाळलेली.

— पयल्याच दिवशी वळाखलंय, म्हणाले. माझ्याशी, मालवणीत. मग वळले, तांब्या तसाच हातात. "ती बाई तर गेली. आता तुका खंय लिवू?"

मी आत येऊन रडतेय. अक्षरं फिसकटतायत. ते अजून ओट्याशी उभे आहेत, चहा दोघांचाही निवलाय. वही ठेवते, बाहेर जाते.